चाकांच्या बोटीवर उतरणारी विमानं

मुलांनो, दोनशे मीटर शर्यतीची पट्टी डोळ्यांसमोर आणा. आता ती थोडी आखूड करा, पाण्यावर तरंगत ठेवा, पुढे चालती करा आणि तिच्यावर विमान उतरवा! विमानवाहू जहाजावर उतरायचं म्हणजे हेच. पण ही विद्या शिकायची कुठे?

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. नौदलाला हजारो वैमानिक हवे होते. विमानवाहू जहाजं मात्र मोजकी, तीही लढाईत गुंतलेली. शिवाय समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या टपलेल्या.

उत्तर सापडलं समुद्रापासून शेकडो मैल आत, शिकागोजवळ. तिथलं मिशिगन सरोवर गोड्या पाण्याचं, पण केवढं? आपल्या महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यात मावेल! तिथे पाणबुडी येणार कुठून? नौदलाने प्रवाशांच्या दोन जुन्या आगबोटी घेतल्या. कोळशावर चालणाऱ्या, दोन्ही कुशींना रहाटासारखी मोठाली चाकं असलेल्या! वरच्या खोल्या काढून तिथे सपाट धावपट्टी बसवली. एकीचं नाव 'वुल्व्हरिन' (१९४२), दुसरीचं 'सेबल' (१९४३).

वैमानिक जवळच्या ग्लेनव्ह्यू नौदल तळावरून उडायचे आणि सरोवरावर यायचे. वरून बोट दिसायची काडेपेटीएवढी. धावपट्टीच्या टोकाला एक अधिकारी दोन्ही हातांत फळ्या घेऊन उभा. फळ्यांच्या खुणांनी तो सांगायचा : वर घे, खाली घे, वेग कमी कर. चुकलं की जोरजोरात फळ्या हलवायचा, म्हणजे परत फिर! बरोबर आलं, तर विमानाच्या शेपटीखालचा आकडा पट्टीवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकायचा आणि विमान हिसका बसून थांबायचं. आकडा अडकला नाही तर? पुढे पाणीच.

गंमत म्हणजे या बोटींचा वेग कमी. समोरून वारा नसला, तर जड विमानं उतरवताच येत नसत. मग सगळे वाऱ्याची वाट बघत बसायचे, आपण पतंग घेऊन बसतो तसे! हिवाळ्यात सरोवरात बर्फ, तरी शिक्षण थांबलं नाही. काही तरुण यात प्राणालाही मुकले. पण युद्ध संपेपर्यंत सतरा हजारांहून अधिक वैमानिक इथे तयार झाले. १९४३ मध्ये 'सेबल'वर उतरलेला जॉर्ज बुश नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा १९८९ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

युद्धानंतर दोन्ही बोटी भंगारात गेल्या. ग्लेनव्ह्यूचा तळही १९९५ मध्ये बंद झाला. आता तिथे घरं आणि दुकानं आहेत. जुन्या हँगरची इमारत आणि तिचा मनोरा मात्र जपून ठेवला आहे.

आणि सरोवरात पडलेली शंभरावर विमानं? पाणी थंड, त्यात मीठ नाही, त्यामुळे ती फारशी गंजली नाहीत. पुढे पाणबुडे उतरले आणि त्यांतली कितीतरी वर काढली गेली. १९९० च्या दशकात वर आलेलं एक 'डॉन्टलेस' विमान तर जून १९४२ च्या मिडवेच्या लढाईत लढलं होतं. त्या दिवशी अंगावर दोनशेहून जास्त भोकं घेऊन ते परतलं होतं. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांतून वाचलेलं हे विमान वर्षभराने बुडालं, ते एका शिकाऊ वैमानिकाच्या हातून! तो वैमानिक मात्र वाचला. पेन्साकोलाच्या नौदल विमान संग्रहालयाने त्या विमानाची डागडुजी केली, तेव्हा गोळ्यांच्या भोकांवर लावलेली जुनी ठिगळं अजून जागच्या जागी होती.