फायबरच्या पोटातलं लाकूड

मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या अमेरिकेतल्या तळ्यांच्या राज्यांत घरामागे ट्रेलरवर, ताडपत्रीखाली पडून असलेली मोटरबोट कुठेही दिसते. सोळा-अठरा फूट लांब, सत्तर-ऐंशीच्या दशकातली, पुढे काच, मागे इंजिन, मध्ये चार-पाच जणांची बैठक. वडिलांनी हौसेने घेतलेली. मुलं तिच्यामागे दोरी धरून पाण्यावर स्की शिकली, मोठी झाली, पांगली, आणि बोट उभी राहिली ती राहिलीच. अशी बोट बहुतेकदा नेणाऱ्याला फुकटातच मिळते. कवच धडधाकट दिसतं. इंजिन तेवढं बघून घेतलं, पॉलिश मारलं की झालं, असं वाटतं.

खरी भानगड बोटीच्या जमिनीखाली असते. काचतंतू आणि रेझिनचं कवच कुजत नाही, पण त्याच्या आत भरपूर लाकूड असतं आणि ते कुजतं. फायबरग्लासच्या आधीच्या महोगनीच्या बोटींना दर वर्षी खरवडा, व्हार्निश लावा, सांधे भरा अशी सेवा लागायची. पन्नास-साठच्या दशकांत फायबरग्लास आलं ते या कटकटीतून सुटका म्हणून. मात्र फायबरचा पातळ पत्रा लवचीक असतो. तो ताठ करायचा तर जाडी हवी, आणि सगळ्यांत स्वस्त जाडी प्लायवूडची. म्हणून तळाला लांबीच्या दिशेने लाकडी तुळया, म्हणजे स्ट्रिंगर. त्यांवर प्लायवूडची जमीन. आणि मागे ट्रान्सम, म्हणजे इंजिनाचा सगळा रेटा सोसणारी आडवी भिंत. तिच्यात साधारण दीड इंच प्लायवूड, दोन्ही बाजूंनी फायबर. सारं झाकलेलं. लाकडाची काळजी घ्यायला नको म्हणून घेतलेल्या बोटीत लाकूड अशा जागी गेलं, जिथे काळजी घेणं शक्यच नव्हतं.

पाणी आत शिरतं ते भोकांतून. शिडीचे स्क्रू, तळाच्या बुचाचं भोक, मासे दाखवणाऱ्या यंत्राचा सेन्सर. कोणीतरी रविवारी दुपारी ड्रिल घेऊन भोक पाडतो, सीलंटचा ठिपका लावतो आणि विसरतो. पॉलिएस्टर रेझिनची लाकडावरची पकड मुळात बेताची. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सुटते आणि मधल्या फटीत पाणी मुरतं. बुरशीला ओल, थोडी हवा आणि ऊब पुरते. मीठ तिला जरा आवर घालतं, त्यामुळे समुद्रापेक्षा तळ्याचं आणि पावसाचं गोडं पाणी अधिक घातक. ज्या ताडपत्रीने बोट वाचवायची, ती मध्ये झोळ धरून फाटते आणि पाऊस थेट आत सोडते.

त्यात फोमची भर. १९७१च्या संघीय नौका सुरक्षा कायद्यानंतर जे नियम आले, त्यांनुसार वीस फुटांखालच्या बहुतेक बोटी पाणी भरलं तरी तरंगत राहिल्या पाहिजेत. त्यासाठी जमिनीखाली फोम भरतात. कल्पना चोख आहे, बॉस्टन व्हेलर या बोटी बनवणाऱ्या कंपनीने ती कायद्याच्या बरीच आधी वापरलेली. पण निचऱ्याला वाट नसली तर तोच फोम वर्षानुवर्षं पाण्यात बसतो आणि हळूहळू ते पितो. एक घनफूट पाणी म्हणजे अठ्ठावीस किलो. बोट जड होते, मालक इंजिनाला दोष देत राहतो.

तपासणीला फार हत्यारं लागत नाहीत. प्लास्टिकच्या हातोडीने ट्रान्सम ठोकत जायचं. चांगल्या लाकडावर टणक, मोकळा आवाज येतो; कुजक्यावर बद्द. इंजिनाचा खालचा भाग धरून हलवला आणि मागची भिंत वाकली, तर पुढचं विचारायला नको. तरीही शंका राहिली तर आतल्या बाजूने बारीक भोक पाडून गिरमिटावर काय येतं ते बघायचं. कोरडा, फिकट भुसा आला तर नशीब. काळपट, ओल्या शेणखतासारखा लगदा आला, तर करवत काढायची.

इथे एक पळवाट सगळ्यांना भुलवते: भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी ओतायचं. माझ्या मते ही रंगसफेदी आहे. ओल्या, कुजलेल्या लाकडात इपॉक्सी सगळीकडे पोचत नाही, आणि जिथे पोचतं तिथेही मऊ झालेल्या लाकडाला पहिली ताकद येत नाही.

खरं काम तोडण्यापासून सुरू होतं, आणि तोडण्याआधी आधार देण्यापासून. स्ट्रिंगर काढले की कवचाला कणा उरत नाही. ट्रेलरच्या दोन फळ्यांवर ते बसून वाकतं आणि त्याच आकारात नवे स्ट्रिंगर चिकटवले की बोट कायमची वाकडी. म्हणून तळ सगळीकडून टेकवून, दोरी आणि लेव्हल लावून मापं घेतात, जुन्या स्ट्रिंगरची उंची ठिकठिकाणी टिपून ठेवतात आणि शक्यतो एका वेळी एकच बाजू काढतात. कडेला दोन-तीन इंच पट्टी राखून जमीन कापायची. फोम फावड्याने उपसायचा. मग ग्राइंडर. काचेची ती धूळ मास्क, चष्मा आणि अंगभर सूट घालूनही मनगटापाशी, मानेपाशी आत शिरते आणि रात्रभर खाजवते. हौशी लोकांचे प्रकल्प बहुधा याच टप्प्यावर दम तोडतात.

ट्रान्सम आतून करतात. बाहेरचं फायबर तसंच ठेवून कुजका गाभा पटाशीने खरवडून काढायचा, पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, त्यावरून मरीन प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवून बसवायचे. भिंतीतून बाहेर जाणारं स्टर्नड्राइव्ह असेल तर जाडीचा हिशेब कडक. मर्क्रूझर कंपनीच्या स्टर्नड्राइव्हला दोन ते सव्वादोन इंच लागतात, आणि दोन्ही पृष्ठभाग समांतर. मग कोपऱ्यांत पुट्टीची गोलाई, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही. वळवलं तर खाली हवा राहते. त्यावर कापडाचे थर, प्रत्येक मागच्यापेक्षा रुंद.

लाकूड पुन्हा घालावं का, यावर भांडणं होतात. काही जण काचतंतू घातलेले न कुजणारे फोमबोर्ड वापरतात. ते महाग पडतात. पण लाकडाला दोष देणं मला पटत नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ हिच्या कवचाचा गाभा लाकडाचाच होता, त्यावर फायबरग्लास. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकूड चारी बाजूंनी नीट बंद केलं तर टिकतं. कुजतात त्या उघड्या कडा आणि बेफिकीर भोकं. म्हणून नवं भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने बुजवायचं आणि त्या बुजवलेल्या भागात स्क्रूचं भोक पाडायचं. या कामाला वेळ किरकोळ लागतो. कारखान्यात तेवढाही कोणी दिला नव्हता.

हिशेब मात्र जुळत नाही. रेझिन, कापड, प्लाय, सॅंडपेपर यांचाच खर्च बोटीच्या किमतीवर जातो, मजुरी तर धरायचीच नाही. विकायला काढली तर गिऱ्हाईक सीटांचं नवं कव्हर आणि रंगाची चकाकी बघून भाव करतो. नवा ट्रान्सम त्याला दिसतच नाही. म्हणून जाणते लोक प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि प्लायवूडच्या पावत्या फाइलला लावून ठेवतात. गिऱ्हाईकही जाणता असला, तर तो फाइल चाळतो आणि खिशातून हातोडी काढून ट्रान्सम ठोकतोच.