धमनीतली गुठळी

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची आपल्याकडे आता नवलाई राहिलेली नाही. १९९० साली डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी मुंबईत या पद्धतीने पित्ताशय काढले. पुढे मोठे आतडे आणि गुदाशय यांच्या कर्करोगासाठीही ती रुळली. जखम लहान, वेदना कमी, रुग्ण लवकर हिंडूफिरू लागतो. शल्यचिकित्सक म्हणून तिचे हे गुण मी नित्य पाहतो. म्हणूनच तिच्या एका विरळा गुंतागुंतीविषयी लिहावेसे वाटते.

गुठळी म्हटली की आम्हां डॉक्टरांना आधी आठवते ती पायाच्या शिरेतली. तिने पाय सुजतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. हेपॅरिन, घट्ट मोजे, लवकर चालवणे असा तिचा बंदोबस्त ठरलेला असतो. पण शीर रक्त परत नेते, धमनी ते पोहोचवते. धमनीच बुजली की पुढच्या अवयवाचा पुरवठा तुटतो.

रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा, मंदावलेला प्रवाह आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे रुडॉल्फ फिरखो या जर्मन वैद्यकाच्या नावाने ओळखली जातात. कर्करोगात रक्त आधीच गोठण्याकडे झुकलेले असते. पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवून आतला दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. त्याने आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो. गुदाशयासाठी डोके खाली आणि पाय वर अशा स्थितीत रुग्ण काही तास असतो. उंचावलेल्या पायांत रक्त कमी दाबाने पोहोचते. धूम्रपानाने वा मधुमेहाने धमन्या अरुंद झालेल्या असल्या, तर धोका वाढतो.

खरी अडचण ओळखण्याची आहे. अशा वेळी पाय सुजत नाही. तो दुखतो, फिकट आणि गार पडतो, नाडी लागत नाही, मग बधिर होतो. कण्यातून दिलेल्या भुलेने वेदना झाकली जाते आणि बधिरपणाही तिच्याच खाती जमा होतो. आतड्याची धमनी बुजली, तर वेदना तीव्र, पण पोट सुरुवातीला हाताला मऊच लागते.

उपाय आहे. थॉमस फोगार्टी यांची फुगा लावलेली नळी १९६३पासून ज्ञात आहे. तिने गुठळी ओढून काढता येते. मात्र पायाचे स्नायू रक्ताविना सुमारे ६ तासच तग धरतात. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पायाची नाडी नोंदवावी, नंतर पुन्हा तपासावी. आणि उशाशी बसलेले नातेवाईक ‘पाय गार लागतोय’ म्हणाले, तर पांघरूण घालण्याआधी नाडीवर बोट ठेवावे.