ठाण्याची पायरी चढताना

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पोलीस ठाण्याची पायरी तर आपण म्हणीतसुद्धा येऊ दिलेली नाही, इतकी ती दूर ठेवली आहे. मूल जेवत नसले की 'पोलीस येईल हं' म्हणून घास भरवायचा, आणि तेच मूल मोठे होऊन त्याचा मोबाइल चोरीला गेला की 'जाऊ दे, कोण त्या भानगडीत पडतो' म्हणायचे, ही घरोघरची रीत. आयुष्यात कधी ना कधी प्रत्येकाला ज्या खात्याशी काम पडते, त्याच्या कामाबद्दलच आपल्याला सर्वांत कमी माहिती असते. जी असते ती बहुतेक सिनेमातून आलेली.

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की अंबाझरीच्या पुढे वाडी लागते. संरक्षण खात्याची आयुध निर्माणी, ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामे, रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा, हिंगण्याच्या एमआयडीसीत जाणारे कामगार आणि चार मुलखांतून पोटासाठी आलेली बिऱ्हाडे. अशा गावात पोलिसांशी संबंध येणारच. रात्री ट्रकमधला माल उतरवला जातो, भाडेकरू न सांगता खोली सोडून जातो, महामार्गावर कुणी उडवून पळून जातो. मग घरात, पानठेल्यावर, कारखान्याच्या फाटकाशी तेच प्रश्न निघतात. ते ठाणेदाराला विचारण्याची मात्र कुणाची छाती होत नाही. त्यांतले काही नेहमीचे प्रश्न इथे घेऊ.

'आमची हद्द नाही' म्हटले तर?

हा वाडीकराचा पहिला प्रश्न असावा. गाव नागपूर ग्रामीण तालुक्यात, कारभार नगरपरिषदेचा आणि पोलीस ठाणे मात्र नागपूर शहर पोलीस आयुक्तालयाचे. सातबारा एकीकडे, नळाचे पाणी दुसरीकडे, फिर्याद तिसरीकडे. त्यात महामार्गावर घडलेली घटना नेमकी कोणत्या दगडापाशी घडली, हे जखमी माणसाला कसे कळावे?

त्याला ते कळण्याची गरज नाही, हे उत्तर. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, समोरच्या ठाण्याने लिहून घ्यायची आहे. यालाच 'झिरो एफआयआर' म्हणतात. शून्य क्रमांक टाकून गुन्हा नोंदवायचा आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचा. कागद फिरेल, फिर्यादीने फिरायचे नाही.

रिपोर्ट दिला, मग गुन्हा का दाखल झाला नाही?

आपल्याकडे 'रिपोर्ट देणे' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मे गैरसमज तिथेच होतात. खून, दरोडा, घरफोडी, अपहरण हे दखलपात्र गुन्हे. त्यांचा प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, लिहिला जातो आणि तपास लगेच सुरू होऊ शकतो. शिवीगाळ, साधी चापटबुक्की हे अदखलपात्र. त्यांची 'एनसी' म्हणून नोंद होते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांच्या आतली साधी चोरीही अदखलपात्र आहे. शेजाऱ्याने कानाखाली मारली आणि त्याला अटक झाली नाही, तर पोलिसांनी पैसे खाल्ले असे लगेच समजू नये. कायद्याने त्यांचा हात तिथे अडवलेला असतो.

म्हणून ठाण्यातून निघताना एकच प्रश्न विचारावा : 'साहेब, हा एफआयआर झाला की एनसी?' एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागायला लाजू नये. आणि तपासाचे पुढे काय झाले, हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

आणि लिहूनच घेतले नाही तर?

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट सांगितले. ठाण्यात दाद लागली नाही तर तक्रार लेखी करून टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवता येते. तिथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. महिलांवरील काही गंभीर गुन्ह्यांची खबर नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी तर स्वतःच तुरुंगवासाला पात्र ठरतो.

हे सारे कागदी वाटेल. पण कागद न झाल्याने काय होते, ते नागपूरने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात भरदुपारी अक्कू यादव या गुंडाला जमावाने ठार मारले. जमावात कस्तुरबानगरातल्या बाया मोठ्या संख्येने होत्या. वर्षानुवर्षे तो वस्तीला छळत होता, पोलीस तक्रार घेत नव्हते, उलट तक्रार करणाऱ्याचे नाव त्याच्यापर्यंत पोचत होते, असे वस्तीचे सांगणे होते. पुढे खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या दिवशी जे झाले तो न्याय नव्हता. पण ज्या बायांनी आधी ठाण्याची पायरी चढून पाहिली होती आणि ज्या हात हलवत परतल्या होत्या, त्यांची गोष्ट विसरून त्या दिवसाबद्दल बोलता येत नाही.

माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचे का?

मुळीच नाही. ही समजूत कुठून आली कोण जाणे, पण कायद्यात असे काही नाही. मूल हरवले असेल तर आधी गुन्हा नोंदवायचा आणि ते पळवून नेले असावे असे धरूनच तपास करायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. पहिल्या काही तासांतच मूल जवळच्या बसस्थानकावर, रेल्वे फलाटावर सापडण्याची आशा असते. ते तास वाट पाहण्यात घालवू नयेत.

जबाबावर माझी सही का घेत नाहीत?

हा प्रश्न जाणत्या माणसालाही पडतो. पोलीस तासभर विचारतात, लिहितात, आणि सही मात्र घेत नाहीत. मनात येते, नंतर काहीही बदलतील! खरे तर हा नियम आपल्याच भल्यासाठी आहे. तपासात साक्षीदाराने पोलिसांना सांगितलेल्या गोष्टीवर त्याची सही घ्यायची नाही, असे कायदा म्हणतो, कारण सहीने माणूस बांधला जातो आणि दबावाखाली काढलेला जबाब पुढे त्याच्या गळ्यात अडकतो. खरी साक्ष कोर्टात, न्यायाधीशासमोर, शपथेवर व्हायची आहे. एफआयआरवर मात्र फिर्यादीची सही असते. ती वाचून, निदान वाचायला लावून, मगच करावी.

याच विचारातून आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि नव्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. इंग्रजांचा आपल्याच पोलिसांच्या दंडुक्यावर भरवसा नव्हता, हे या कलमातून दिसते. सिनेमातला फौजदार दोन कानशिलात ठेवून 'गुन्हा कबूल' करवतो, तेव्हा टाळ्या पडतात. कोर्टात त्या कबुलीची किंमत शून्य.

बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येते का?

साक्षीसाठी, चौकशीसाठी बाईला तिच्या घराबाहेर कुठे हजर राहायला लावता येत नाही. पंधरा वर्षांखालची मुले, साठीच्या वरचे वृद्ध, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांनाही हेच संरक्षण आहे. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचे. आजोबांना 'ठाण्यात या' असा फोन आला तर घाबरून रिक्षा शोधण्याआधी हे आठवावे. स्वतः जायला त्यांची हरकत नसेल तर गोष्ट वेगळी.

बाईची अटक सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी करायची नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्याने न्यायदंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. या नियमाची वाट नागपुरातूनच गेली आहे, हे थोड्यांना माहीत असेल. नागपुरात कोठडीत एका माणसाचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी ख्रिश्चन कम्युनिटी वेल्फेअर कौन्सिल ही संस्था उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. बाईला महिला पोलिसाशिवाय आणि रात्री अटक करू नये, असा दंडक खंडपीठाने घातला. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो थोडा सैल केला, आणि २००५ च्या दुरुस्तीने रात्रीच्या अटकेची बंदी कायद्यात आली.

त्याही आधीची गोष्ट देसाईगंजची, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या गावची. १९७२ साली तिथल्या ठाण्यात एका आदिवासी मुलीला रात्री थांबवून घेतले आणि बाकीच्यांना घरी जायला सांगितले. तिच्यावर अत्याचार केल्याबद्दल दोन पोलिसांवर खटला झाला. नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले. त्या निकालावर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. पुस्तकात एका ओळीत बसणाऱ्या नियमामागे कुणाची तरी अशी एक रात्र असते. विदर्भाच्या वाट्याला अशा रात्री जरा अधिक आल्या.

अटक झाली तर घरच्यांना कळवतात का?

कळवलेच पाहिजे. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम आता कायद्यात आहेत. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेचा कागद साक्षीदारासमोर व्हावा, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे, वकील भेटू द्यावा. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे तर राज्यघटनेनेच बंधनकारक केले आहे. चोवीस तासांचा खरा नियम हा. तो हरवलेल्या माणसाला नाही, धरलेल्या माणसाला आहे.

अपघातातल्या जखमीला उचलले तर आपणच अडकतो का?

अमरावती रस्त्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. गर्दी जमते, हळहळते, पण हात कुणी लावत नाही. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, अशा केंद्राच्या सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. जखमीला सद्भावनेने दवाखान्यात नेणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. स्वतःचे नावसुद्धा सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. ११२ फिरवावा, जखमीला पोचवावे आणि खुशाल घरी यावे.

तपास इतका रेंगाळतो का?

इथे प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'साहेब बंदोबस्तात आहेत' हे उत्तर पुष्कळदा खरे असते. नागपूरच्या पोलिसाचे वर्ष आठवून पाहा : पोळा आणि मारबत, गणपती, दुर्गा, दीक्षाभूमीवरचा लाखोंचा जनसागर, ताजबागचा उर्स, आणि हिवाळी अधिवेशनाचे मोर्चे. या सगळ्यात जो अंमलदार दोर धरून उभा असतो, त्याच्याच पिशवीत तुमच्या चोरीचा तपास असतो. तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्ताचे पोलीस वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ सालीच सांगितले होते.

बारा तासांची ड्यूटी ही या खात्याची जुनी चाल. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांचा प्रयोग सुरू झाला. २०२१ मध्ये राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांचा आदेश निघाला, त्याआधी ज्या मोजक्या ठिकाणी तो करून पाहिला त्यात नागपूर शहर होते. घरी लेकराला ताप असताना चौकात उभ्या असलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा जरूर करावी, पण तिचा दिवस किती लांब आहे हेही मनात असू द्यावे.

समोरचा नेमका कोण?

खाकी सारखी दिसते, अधिकार सारखे नसतात. बाहीवर तीन फिती तो हवालदार. खांद्यावर एक तारा सहायक फौजदार, दोन तारे फौजदार, तीन तारे सहायक निरीक्षक किंवा निरीक्षक. आपल्या विदर्भात ठाण्याच्या मुख्य निरीक्षकाला ठाणेदार म्हणतात. पण आत गेल्यावर आधी गाठ पडते ती ठाणे अंमलदाराशी. फिर्याद तोच ऐकतो, नोंदीही तिथेच होतात. आवाज चढवायचा की समजून सांगायचे, हे त्याला भेटताना ठरवावे. तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर, मोबाइलचा आयएमईआय क्रमांक असे चिठ्ठीवर लिहून नेले तर अर्धे काम सोपे होते.

आता एक प्रश्न पोलिसांचा, आपल्याला. पंचनाम्याला पंच लागतात, त्याच वस्तीतले, चार लोकांत मान असलेले. हाक मारली की दुकानांची शटर खाली येतात आणि मघाशी गर्दीत सर्वांत पुढे असलेला माणूस गल्लीत नाहीसा होतो. मग पंच म्हणून सापडतात ते पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीचे. कोर्टात वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि घरफोड्या सुटतो. आता झडतीचे ध्वनिचित्रमुद्रण करण्याचे बंधन आले आहे, पण म्हणून पंचांची गरज सरलेली नाही. 'गुन्हेगार सुटतात कसे?' असे आपण पोलिसांना विचारतो, तेव्हा त्या उत्तराचा एक तुकडा आपल्याच ओट्यावर पडलेला असतो. पुढच्या वेळी हाक आली तर शटर अर्धे तरी वर ठेवावे.