एक फोल्डर, तीन डिस्क: फिल्डवर्कचा डेटा घरी सांभाळताना

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या ज्युनिअर्सना मी हल्ली एक गोष्ट आवर्जून सांगते. मुलाखत कशी घ्यायची ते शिकालच, पण ती ठेवायची कुठे हे आधी ठरवा. हे शहाणपण मला तीन मुलाखती गमावून आलंय. म्हणून आजचा लेख थोडा तांत्रिक आहे, पण संगणकशास्त्र न शिकलेल्यांसाठीच आहे.

आधी पार्श्वभूमी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या दिवसांच्या आठवणी मी गोळा करते. कळंब, घाटंजी, आर्णी, केळापूर या तालुक्यांत फिरून, फवारणी करणाऱ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून. चांगल्या दर्जाचं रेकॉर्डिंग (४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ) तासाला साधारण १ जीबी जागा खातं. त्यात फोटो, शब्दांकन, टिपणं, संमतीपत्रांचे स्कॅन आणि थोडं व्हिडिओ. बघता बघता एक डिस्क भरली, मग दुसरी आणली, मग तिसरी.

तेव्हा यवतमाळच्या घरी पडून असलेल्या जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही डेबियन लिनक्सवर आधारलेली मोफत प्रणाली टाकली, ४, ४ आणि २ टीबीच्या तीन डिस्क लावल्या आणि ‘मुलाखती’ नावाचा एकच शेअर्ड फोल्डर केला. लॅपटॉपवरून उघडला की सगळं एका जागी दिसायचं. इथपर्यंत मी खूश होते.

‘एकच फोल्डर’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवतात. थोडा माजघरात, थोडा ओसरीवर, उरलेला मागच्या खोलीत. कुणी विचारलं तर आपण म्हणतो, “कापूस घरात आहे.” पण मागची खोली गळली तर भिजतो तो त्याच खोलीतला कापूस.

शेअर्ड फोल्डरचंही तसंच आहे. मर्जरएफएससारखं सॉफ्टवेअर, किंवा अनरेड या प्रणालीतले ‘युजर शेअर’, वेगवेगळ्या डिस्कवरचे सारख्या नावाचे फोल्डर एकत्र करून दाखवतात. प्रत्येक फाइल मात्र कुठल्या तरी एकाच डिस्कवर अख्खी असते. नेहमीच्या रेड ५ मध्ये तसं नसतं. तिथे मोठ्या फाइलचे तुकडे करून ते सगळ्या डिस्कवर वाटले जातात. त्यात एक डिस्क गेली तर चालतं, पण एकाच वेळी दोन गेल्या की सगळंच गेलं. एकत्र दाखवण्याच्या पद्धतीत जी डिस्क जाते तिच्यावरच्याच फाइल जातात, बाकीच्या डिस्क काढून दुसऱ्या लिनक्स मशीनला लावल्या तरी वाचता येतात. घरच्या सर्व्हरसाठी हे मला जास्त पटतं. वेगवेगळ्या आकाराच्या जुन्या डिस्कही चालतात.

फाइल कुठे जायची हे कोण ठरवतं?

तुम्ही नाही ठरवलं तर सॉफ्टवेअर ठरवतं. मुख्य पद्धती तीन:

- भरत जा: पहिली डिस्क भरेपर्यंत तिच्यावरच, मग दुसरी.
- जास्त मोकळी ती: प्रत्येक नवी फाइल त्या क्षणी सगळ्यात जास्त जागा असलेल्या डिस्कवर.
- टप्प्याटप्प्याने: अनरेडमध्ये याला ‘हाय-वॉटर’ म्हणतात. सगळ्यात मोठ्या डिस्कच्या निम्म्यावर खूण धरायची. माझ्या डिस्कच्या हिशेबाने, पहिली ४ टीबी डिस्क २ टीबी मोकळी उरेपर्यंत भरते, मग दुसरी तेवढीच. त्यानंतर खूण १ टीबीवर येते आणि फेरी पुन्हा सुरू होते.

मी दुसरी पद्धत निवडली होती, कारण ऐकायला न्याय्य वाटली. सगळ्या डिस्क सारख्या भरतील! झालं असं की, एकाच मुलाखतीचा ऑडिओ एका डिस्कवर गेला आणि टिपण दुसऱ्यावर. एकत्रित फोल्डरमध्ये ते कळायला मार्गच नव्हता.

‘न तुटणारा संच’ आधी ठरवा

इथे प्रश्न तंत्राचा राहत नाही, संशोधनाचा होतो. तुमच्या डेटात कोणत्या गोष्टी एकमेकींशिवाय निरुपयोगी आहेत? माझ्याकडे तो संच म्हणजे एक मुलाखत: ऑडिओ, शब्दांकन, फोटो आणि कधी-कुठे-कोणत्या संकेतांकाने हे लिहिलेली टिपणाची फाइल. टिपण नसेल तर ऑडिओ कुणाचा हेच कळत नाही. जमिनीचे नमुने घेणाऱ्याचा संच म्हणजे एका वावराच्या सगळ्या नोंदी. तुमचा तुम्ही शोधा.

संच ठरला की तो एकाच डिस्कवर राहील अशी सेटिंग करता येते. अनरेडमध्ये तिला ‘स्प्लिट लेव्हल’ म्हणतात. फोल्डरच्या कितव्या पातळीपर्यंत वाटणी चालेल, हे तिथे सांगायचं. मर्जरएफएसमध्ये ‘आधीपासून असलेला मार्ग’ पाळणाऱ्या पद्धती आहेत. ज्या डिस्कवर तो फोल्डर आहे तिथेच नवी फाइल जाते.

पण याची किंमत आहे. संच तोडायचा नाही म्हटल्यावर, ती डिस्क भरली की दुसऱ्या डिस्क रिकाम्या असूनही ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. घाबरू नका, सर्व्हर तुमचंच ऐकतोय. म्हणून प्रत्येक डिस्कवर किमान मोकळी जागा राखून ठेवा, तुमच्या सगळ्यात मोठ्या फाइलपेक्षा चांगली जास्त.

आणखी एक खबरदारी. अनरेडवर फाइल हलवताना एका बाजूला थेट डिस्क आणि दुसऱ्या बाजूला युजर शेअर असं मिसळू नका. दोन्हीकडून एकाच फाइलवर काम होऊन ती रिकामी होऊ शकते. डिस्क ते डिस्क, नाही तर शेअर ते शेअर.

माझं नेमकं काय चुकलं

मे महिन्यातली रात्र. लाईट गेली, आली, पुन्हा गेली. सर्व्हर सुरू झाला, पण दुसरी डिस्क उठली नाही ती कायमचीच. ‘मुलाखती’ फोल्डर मात्र नेहमीसारखा उघडत होता. लाल खूण नाही की इशारा नाही. दोन डिस्कवर जे होतं ते दिसत होतं, तिसरीवरचं नुसतं दिसत नव्हतं. बावन्न मुलाखतींच्या यादीत चौदा ऑडिओ नाहीत, हे डोळ्यांना कळत नाही.

बॅकअप होता ना? होता. रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर आरसिंकने नक्कल व्हायची आणि ‘मूळ जागी नसेल ते नकलेतूनही काढ’ हा पर्याय मीच चालू ठेवला होता. त्या रात्री त्याने आज्ञा पाळली. मूळ जागी चौदा ऑडिओ नाहीत, म्हणून नकलेतूनही काढले. मला कळलं तीन दिवसांनी. अकरा ऑडिओ रेकॉर्डरच्या कार्डांवर सापडले. तीन गेले.

पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे

यानंतर मी स्नॅपरेड वापरून पॅरिटी डिस्क लावली. कल्पना सोपी आहे. तीन डिस्कवर एकाच जागचे बिट १, ०, १ असतील तर पॅरिटी बिट असा लिहायचा की एकूण १ सम संख्येत यावेत, म्हणजे इथे ०. मधली डिस्क गेली तर १, ?, १ आणि पॅरिटी ०. बेरीज सम हवी, म्हणजे हरवलेला बिट ०. मात्र पॅरिटी डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी तरी हवी.

पॅरिटी एका डिस्कचं मरण सोसते. तुम्ही चुकून पुसलेली फाइल किंवा व्हायरस यांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही, आणि चोरी, आग यांपुढे ती काही करू शकत नाही. स्नॅपरेडची पॅरिटी तर शेवटच्या सिंकपर्यंतचीच असते. सकाळी आणलेलं रेकॉर्डिंग सिंक होईपर्यंत उघड्यावरच. म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम पाळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

आता माझी व्यवस्था

१. नक्कल करण्याआधी स्क्रिप्ट बघते की तिन्ही डिस्क जोडलेल्या आहेत का. एकही नसेल तर नक्कल थांबते आणि मला मेल येतो.

२. नकलेतून काहीही लगेच पुसलं जात नाही. काढलेल्या फाइल ९० दिवस वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात.

३. प्रत्येक डिस्कवरच्या फाइलींची यादी चेकसमसह दर आठवड्याला बनते. कोणती फाइल कुठे आहे, हे डिस्क मेल्यावरही कळतं.

४. दोन प्रती पक्क्या झाल्याशिवाय रेकॉर्डरचं कार्ड पुसत नाही.

५. खरं नाव आणि संकेतांक यांची यादी ‘मुलाखती’मध्ये नसते. तिचा शेअर वेगळा, पासवर्ड वेगळा आणि फाइल एन्क्रिप्ट केलेली. घरचे फोटो बघायला भाऊ सर्व्हरवर येतो, त्याला ती दिसायचं कारण नाही. तिचाही बॅकअप आहेच.

६. सर्व्हरला यूपीएस आहे.

गेलेल्या तीन मुलाखतींपैकी एक घाटंजी तालुक्यातल्या बाईंची होती. नवरा फवारून घरी आला त्या संध्याकाळची हकीकत त्यांनी सांगितली होती. मी परत गेले, खरं काय ते सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बस, पुन्हा सांगतो.” सांगितलंही. पण पहिल्यांदा जिथे त्या बराच वेळ गप्प राहिल्या होत्या, तिथे आता वाक्य होतं. तयार झालेलं. माझ्या प्रबंधात ती शांतता येणार नाही. दुसऱ्या दोघांकडे मी गेलेच नाही. त्यांना तोच दिवस पुन्हा जगायला लावायचा हक्क मला आहे असं वाटेना.

तेव्हा तुमचा सर्व्हर तयार झाला की एक परीक्षा घ्या. रात्रीची नक्कल थांबवा, मशीन बंद करा, एक डिस्क काढा आणि पुन्हा सुरू करा. काय नाहीसं झालं, हे तुम्हाला पाच मिनिटांत नेमकं सांगता आलं, तरच फिल्डवर निघा.