खेळ पाहणाऱ्याचा व्यायाम



खेळ पाहण्याचा छंद असलेल्या माणसाची मोठी मौज असते. मैदानावर कोणी धावला कीं दम याला लागतो. कोणाच्या हातून झेल सुटला कीं हळहळ याला वाटते. आणि आपला पक्ष जिंकला कीं अंगावर मूठभर मांस याच्याच चढतें. हें मांस खऱ्या स्नायूंचें नसतें, एवढी साधी गोष्ट ध्यानांत यावयाला मला आयुष्याचीं पन्नास वर्षें लागलीं. इतक्या वर्षांत मीं क्रिकेटचे सामने मैदानावर पाहिले, रेडिओवर ऐकले, दूरचित्रवाणीपुढें बसून पाहिले. कुस्तीच्या फडांना गेलों. खोखोच्या व कबड्डीच्या सामन्यांत ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. आणि एके दिवशीं सकाळीं पुण्यास पर्वती चढतांना १०३ पायऱ्यांपैकीं पन्नासाव्या पायरीच्या आसपास मला मटकन् खालीं बसावें लागलें. हातांत फुलांची परडी घेतलेल्या एक वृद्ध बाई माझ्याजवळून न थांबतां वर गेल्या. जातां जातां त्यांनीं "पाणी हवें का हो?" म्हणून विचारलें. त्यांनीं विचारलें तें मायेनेंच. पण तें माझ्या जिव्हारीं लागलें. त्यानंतर मीं आठवड्याचा जो क्रम आंखून घेतला, तो व त्यामागील विचार आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

आरंभीं मीं एक लहानसा प्रयोग केला. एका चुरशीच्या सामन्याच्या अखेरच्या षटकाला मनगटावर बोटें ठेवून नाडी मोजली. एरवीं स्वस्थ बसलों असतां मिनिटास ८० ठोके पडत, ते ११२ झाले होते. पाय तर खुर्चीवरून हललेही नव्हते! असें कां व्हावें? उत्साह, भीति किंवा क्रोध यांच्या भरांत शरीरांतील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन नांवाचा द्रव रक्तांत उतरतो व तो हृदयाला धांवावयास लावतो. आपण खरोखरच धांवत असलों, तर काम करणाऱ्या स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हृदयानें लोटलेल्या रक्ताला वाट मिळते. बसून उत्तेजित झालेल्या माणसांत ही वाट तितकीशी मोकळी होत नाहीं. हृदय धांवतें, रक्ताचा दाब चढतो, आणि त्या धांवण्याचा शरीराला उपयोग मात्र कांहींच होत नाहीं.

हें केवळ माझ्या मनाचें भय नव्हे. २००६ सालीं जर्मनींत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, त्या वेळीं म्यूनिक शहरांतील व आसपासच्या भागांतील हृदयविकाराच्या तांतडीच्या रुग्णांची नोंद तेथील डॉक्टरांनीं ठेवली. ज्या दिवशीं जर्मन संघाचा सामना असे, त्या दिवशीं असे प्रसंग इतर काळाच्या मानानें सुमारें २.६६ पट घडले, असें त्यांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलें. ज्यांना आधींपासूनच हृदयविकार होता, त्यांच्यांत हें प्रमाण अधिक होतें. तेव्हां प्रेक्षकाचें हृदयही सामन्यांत उतरलेलेंच असतें. खेळाडूनें आपल्या हृदयाची तयारी केलेली असते; आपण ती केलेली नसते, एवढाच फरक.

तयारी होते ती कशानें? याचें एक सुंदर उदाहरण लंडनच्या दुमजली बसगाड्यांचें आहे. जेरी मॉरिस या वैद्यकीय संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं असें दाखवून दिलें कीं, दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां त्याच गाडींत जिना चढउतार करून तिकिटें देणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. गाडी तीच, रस्ता तोच. एक बसतो, दुसरा चढतो. हें वाचलें तेव्हां माझ्या मनांत आलें कीं, क्रीडाजगताच्या या बसगाडींत आपण आजवर बसूनच प्रवास केला. यापुढें जिना चढला पाहिजे.

किती व्यायाम करावा, याचाही अंदाज आज उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचे मध्यम श्रम सांगितले असून, त्याखेरीज निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असें म्हटलें आहे. मध्यम श्रम ओळखावयाची खूण सोपी आहे: चालतांना बोलतां यावें, पण गातां येऊं नये.

माझा क्रम असा आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या तीन दिवशीं सकाळीं ३५ मिनिटें भरभर चालावयाचें. चालण्याचा कंटाळा येतो अशी पुष्कळांची तक्रार असते. मीं त्यावर क्रीडारसिकाला साजेसा तोडगा काढला आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीवर एक धांव काढावयाची म्हणजे एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंत ५८ फूट जावें लागतें. एखाद्या फलंदाजानें शंभरही धांवा पळूनच काढल्या, तर त्याच्या शतकाचें अंतर जेमतेम पावणेदोन किलोमीटर भरतें. मी सकाळीं तीन किलोमीटरांच्या वर चालतों. म्हणजे दीडशें धांवांचा पल्ला न्याहारीपूर्वींच पुरा होतो! अर्थात् खेळाडू तें अंतर पायांत पॅड बांधून, उन्हांत, थांबत व पुन्हा वेगानें सुटत कापतो, आणि शिवाय जोडीदाराच्याही धांवा धांवतो. हें ध्यानांत आलें म्हणजे त्याच्याविषयींचा आदर वाढतो. "एवढी दुसरी धांव निघत नव्हती का?" असें खुर्चींतून ओरडणें माझ्याकडून आपोआप कमी झालें आहे.

मंगळवार व गुरुवार हे दिवस तालमीचे. बारा सूर्यनमस्कार, मग जोर आणि बैठका. येथें माझी एक फजिती सांगितली पाहिजे. पहिल्याच दिवशीं आवेशाच्या भरांत मीं पन्नास जोर काढण्याचा हट्ट धरला. त्यांतले कसेबसे तीस निघाले, आणि पुढें चार दिवस सदऱ्यांत हात घालण्यासाठीं मुलाची मदत घ्यावी लागली. अंगवळणी नसलेल्या श्रमानें स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. विश्रांतींत ती भरून येते, आणि स्नायू पूर्वींपेक्षां बळकट होतो. बळ वाढतें तें अशा विश्रांतीच्या काळांत. म्हणून एक दिवस आड हा व्यायाम, आणि दर पंधरवड्यास दोन जोर व चार बैठका अधिक, असें मीं ठरविलें. बैठकांवर मी विशेष भर देतों. मांड्यांचे स्नायू शरीरांतील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकीं आहेत. रक्तांतील साखर ते मोठ्या प्रमाणांत वापरतात, आणि उतारवयांत खुर्चींतून उठावयाचें तें त्यांच्याच जोरावर.

तालमीच्या दिवशीं मला खाशाबा जाधवांची आठवण होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल लाल मातींत वाढला. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें त्याला गादीवर लढावें लागलें व तो सहावा आला. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस त्यानें ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण पदक लक्षांत ठेवतों. मधलीं चार वर्षें विसरतों. त्या चार वर्षांत रोज किती घाम गळला असेल, हें मला माझ्या पंधराव्या जोराला थोडेंसें कळतें.

शनिवारीं पर्वती. घरून चालत जाणें, चढणें, उतरणें व परत येणें, मिळून ४५ मिनिटें. अशी आठवड्याची १५० मिनिटें पुरीं होतात. रविवार विश्रांतीचा. त्या दिवशीं मी माझी वही उघडतों. डाव्या पानावर आठवड्यांत पाहिलेल्या खेळांचे तास लिहितों, उजव्या पानावर स्वतः केलेल्या व्यायामाचे. पहिल्या आठवड्यास डावीकडे अकरा तास होते, उजवीकडे एकही नव्हता. डावें पान कोरें राहावें अशी माझी मुळींच इच्छा नाहीं. खेळ पाहण्यांत निर्मळ आनंद आहे. मात्र सामना पाहावयास बसण्यापूर्वीं अर्धा तासाचा व्यायाम, हें मीं माझें तिकीट ठरविलें आहे, आणि तें फुकट कोणाकडून मिळत नाहीं.

"आतां या वयांत कशाला?" असें कोणी म्हणेल. त्यांनीं प्राध्यापक दि. ब. देवधर यांचें स्मरण करावें. संस्कृत शिकविणाऱ्या या गृहस्थांनीं वयाच्या अठ्ठेचाळिशीच्या सुमारास, १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें महाराष्ट्राच्या संघाला रणजी करंडक जिंकून दिला, आणि पुढें वयाचें शतकही पुरें केलें. सर्वांनाच देवधर होतां येणार नाहीं. पण खुर्चींतून उठणें सर्वांना साधेल. ज्यांना हृदयविकार, रक्तदाब किंवा मधुमेह आहे, त्यांनीं आधीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि व्यायाम करतांना छातींत दुखूं लागल्यास तत्काळ थांबून उपचार घ्यावेत.

या क्रमाला आतां वर्ष होऊन गेलें आहे. स्वस्थ बसलों असतां माझी नाडी ८० वरून ७० वर आली आहे. सरावलेलें हृदय एका ठोक्यांत अधिक रक्त लोटतें, म्हणून त्याला ठोके कमी पुरतात. पर्वती मी एका दमांत चढतों, असें मात्र म्हणवत नाहीं. अजून एकदां थांबावें लागतें. पण आतां उभ्यानें थांबतों. पुढच्या चुरशीच्या सामन्याला आपणही मनगटावर दोन बोटें ठेवून पाहा. तो आंकडा कागदावर टिपून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पायांत वहाणा घाला.