सही कोणाची?

पंचविशीतला मुलगा आठवडाभर झोपलेला नाही. शेजारी आपल्या जेवणात काहीतरी कालवतात अशी त्याची पक्की खात्री झाली आहे, म्हणून त्यानं खाणंही सोडलंय. आईवडील पार थकलेत. शेवटी कुणीतरी गाडी बोलावतं आणि सगळे मनोरुग्णालयाच्या दारात येतात. टेबलावरून भरतीचा अर्ज पुढे सरकतो. त्या अर्जावर सही कोणी करायची?

2018 पर्यंत या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं: घरच्यांनी. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले एवढ्यावर माणसाला 90 दिवसांपर्यंत आत ठेवता येत असे. त्यापुढे मॅजिस्ट्रेटचा आदेश लागे. ज्याला भरती करायचं त्याचं म्हणणं कुठे नोंदवायचं, याला त्या कागदांत फारशी जागाच नव्हती.

29 मे 2018 पासून लागू झालेला मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून करतो. डॉक्टरांनी आधी पाहायचं ते हे, की या माणसाला स्वतःच्या उपचाराबद्दल निर्णय घेता येतो का. दिलेली माहिती त्याला समजते का, होकार किंवा नकार दिला तर पुढे काय होईल याचा अंदाज त्याला येतो का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेनं किंवा कसाही तो सांगू शकतो का, या निर्णयक्षमतेच्या कसोट्या. माहिती त्याला कळेल अशा सोप्या भाषेत द्यायला हवी. एक वाक्य तर प्रत्येक घरात वाचून दाखवावं असं आहे: एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं म्हणता येणार नाही. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा राजकीय चौकटीत कुणी बसत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही कायद्यानं स्पष्ट लिहिलं आहे. मुलीनं जातीबाहेर लग्न ठरवलं म्हणून तिला डॉक्टरांकडे ओढत नेणाऱ्या घरांसाठी हे वाक्य किती मोलाचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

मुलाला समजतंय, तो उपचाराला तयार आहे, तर सही त्याचीच. ही स्वतंत्र भरती, कलम 86. त्यानं सुटी मागितली की द्यावी लागते. धोका वाटला तर डॉक्टर तपासणीसाठी 24 तास थांबवू शकतात, पण तेवढंच.

त्याची निर्णयक्षमता त्या क्षणी ढळलेली असेल, आणि त्यानं स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा प्रयत्न केला असेल, किंवा स्वतःची काळजी घेता न आल्यानं त्याला इजा होण्याचा धोका असेल, तर कलम 89 लागू होतं. याला आधारासह भरती म्हणतात. इथे अर्ज करतो तो नामनिर्देशित प्रतिनिधी; तो कोण, ते पुढे पाहू. एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासून मत द्यायचं. मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. दर सात दिवसांनी निर्णयक्षमता पुन्हा तपासायची, आणि ती परत आलेली दिसली की संमती पुन्हा त्याच्याकडून घ्यायची. भरतीची माहिती सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायची; रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. 30 दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर मंडळाची परवानगी लागते: आधी 90 दिवस, मग 120, मग 180, आणि दर वेळी नव्यानं कारण दाखवून.

जिवावर बेतलेल्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, अगदी घरीसुद्धा. मात्र विजेचे झटके हा तातडीचा उपचार म्हणून देता येत नाही.

घड्याळ लावून भरती करण्याची ही पद्धत काही आपोआप आली नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी इथे मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या माणसांना पळता आलं नाही. 28 जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. 2007 मध्ये भारतानं अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या माणसालाही कायद्यापुढे इतरांइतकंच स्थान आहे, असं तो करार म्हणतो. त्यामुळे 1987 चा कायदा बदलणं भाग पडलं. नव्या मसुद्याचं पुष्कळसं काम पुण्यात, इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्रात झालं; डॉ. सौमित्र पाठारे त्यात आघाडीवर होते. 2013 मध्ये विधेयक राज्यसभेत आलं, शंभरहून अधिक दुरुस्त्या होऊन 2016 च्या ऑगस्टमध्ये तिथे मंजूर झालं, आणि 2017 च्या मार्चमध्ये लोकसभेत.

या काळात जे वाद झाले ते समजून घेतल्याशिवाय कायदा समजत नाही. आजारातून गेलेल्या काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की मर्जीविरुद्ध भरती मुळात असूच नये. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांनी ही बाजू वर्षानुवर्षं ठामपणे मांडली. नातेवाइकांना भीती होती की मुलगा खिडकीतून उडी मारायला निघालाय आणि आपण अर्ज भरत बसू. अनेक मनोविकारतज्ज्ञांना कागदी कामाचा डोंगर दिसत होता. यातलं एकही म्हणणं पोकळ नव्हतं. कायद्यानं मर्जीविरुद्ध भरती ठेवली, पण तिला मुदत, कारण आणि बाहेरचा पहारा लावला. माझ्या मते ही तडजोड जगण्याजोगी आहे. फक्त तो बाहेरचा पहारा खरोखर जागा असायला हवा.

हा पहारा म्हणजे पुनरावलोकन मंडळ. ते राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणानं जिल्ह्यासाठी किंवा काही जिल्ह्यांच्या गटासाठी नेमायचं. सदस्य सहा: अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, निवृत्त न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा अधिकारी, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि आजाराचा अनुभव असलेली माणसं, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे प्रतिनिधी यांच्यातले दोघे. शेवटच्या दोन खुर्च्या मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. ज्यानं वॉर्डातली रात्र काढली आहे, तो न्यायाधीशांच्या शेजारी बसून दुसऱ्याच्या भरतीवर मत देतो, अशी सोय आपल्याकडे फार थोड्या कायद्यांत आहे.

मंडळाकडे जाता येतं रुग्णाला, त्याच्या प्रतिनिधीला, किंवा रुग्णाच्या संमतीनं नोंदणीकृत संस्थेला. शुल्क नाही. आत भरती असलेल्या माणसाचा अर्ज विशेष परिस्थितीत तोंडी किंवा फोनवरूनही स्वीकारता येतो. आधारासह भरतीला आव्हान दिलं असेल तर निकाल सात दिवसांत लागायला हवा. निकाल पटला नाही तर 30 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील. वकिलाचा खर्च झेपत नसला तरी अडत नाही, कारण मोफत कायदेशीर मदत हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठावता येतं.

आता वॉर्डाच्या आत. डोकं सक्तीनं भादरायचं नाही. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही. काम करायला भाग पाडायचं नाही, आणि काम केलंच तर मोबदला द्यायचा. फोन करता यायला हवा. तीन वर्षांखालच्या बाळाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडायचं नाही. साखळीनं कुणालाही, कशाही प्रकारे बांधायचं नाही, आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय झटके द्यायचे नाहीत. हे नियम व्यसनमुक्ती केंद्रांनाही लागू होतात, कारण दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था कायद्याच्या व्याख्येत येतात. आपल्याकडे कितीतरी कुटुंबं ‘सुधारणा केंद्रा’त मुलाला सोपवून निर्धास्त होतात, त्यांनी केंद्राची नोंदणी आधी विचारावी.

नामनिर्देशित प्रतिनिधी कोण? ज्याचं नाव आपण स्वतः लिहून ठेवलं आहे, तो. लिहिलं नसेल तर आगाऊ निर्देशपत्रात नेमलेला, मग नातेवाईक, मग काळजी घेणारा, मग मंडळ नेमेल तो, आणि कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचा संचालक किंवा त्याचा माणूस. नवऱ्याशी वाद चालू असलेल्या बाईनं इथे मैत्रिणीचं नाव लिहिलं, तर भरतीच्या वेळी डॉक्टरांना त्या मैत्रिणीशी बोलावं लागतं.

आगाऊ निर्देशपत्र हा या कायद्यातला सर्वांत कमी वापरलेला आणि सर्वांत मोठा हक्क आहे. तो बजावायचा असतो बरं असताना. कोणतीही सज्ञान व्यक्ती, पूर्वी आजार झालेला असो वा नसो, लेखी सांगू शकते की पुढे माझी निर्णयक्षमता ढळली तर माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझ्या वतीनं कोणी बोलावं. उदाहरणार्थ: या औषधानं मला फार त्रास झाला, ते नको, अमुक औषधानं पूर्वी सावरले, ते आधी द्या, मला एकटं कोंडू नका, माझ्या कामाच्या ठिकाणी कळवू नका, मुलीला माझ्या बहिणीकडे ठेवा. निर्देशपत्र मंडळाकडे नोंदवायचं आणि एक प्रत डॉक्टरांना व प्रतिनिधीला द्यायची. डॉक्टरांना किंवा घरच्यांना ते पाळायचं नसेल तर परस्पर बाजूला सारता येत नाही, मंडळाकडे अर्ज करावा लागतो. तातडीच्या 72 तासांना मात्र ते लागू नाही. आजाराच्या भरात हरवणारा आवाज आधीच कागदावर उतरवून ठेवण्याची ही सोय आहे, आणि बहुतेक घरांना ती ठाऊकच नाही.

रस्त्यावर भरकटलेल्या माणसासाठी पोलिसांवर जबाबदारी आहे. त्याला कोठडीत ठेवायचं नाही, 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी न्यायचं, आणि तो बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. हे काम किती चिकाटीचं आहे ते कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं दाखवलं आहे. देशभरातल्या रस्त्यांवरची माणसं घरी पोचवणाऱ्या या केंद्राच्या डॉ. भरत वाटवानींना त्यासाठी 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीबद्दलही कायदा बदलला. कलम 115 नं असं गृहीत धरलं की ती तीव्र तणावाखाली होती. तिला शिक्षा नको, उपचार आणि पुनर्वसन हवं. तरी भारतीय दंड संहितेतलं 309 कलम पुस्तकात राहिलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते नाही. फक्त सरकारी सेवकाला त्याच्या कामात भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न कलम 226 खाली गुन्हा ठरतो. आरोग्य विम्यातही शारीरिक आजारांइतकंच संरक्षण मानसिक आजारांना द्यावं लागतं. कंपनीनं दावा नाकारला तर कलम 21 चा उल्लेख करून लेखी तक्रार करावी.

सर्वांत अवघड टप्पा सुटीचा. घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणानं कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असं कलम 19 म्हणतं. राज्यानं अशांसाठी मध्यमार्गी निवास (हाफवे होम) उभारायचे आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत बरी होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं होती, हे मुंबई उच्च न्यायालयापुढच्या जनहित याचिकेमुळे चर्चेत आलं. ती याचिका एका मनोविकारतज्ज्ञानं केली होती. कायदा होऊनही तो राबवायला पुन्हा न्यायालयात जावं लागलं, याचं मला दुःख वाटतं, पण पाठपुरावा म्हणतात तो हाच.

पाठपुरावा करणारी माणसं तयार होतात ती स्वमदत गटांत. कॅनडातल्या कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणींनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजाराला सामोरी जाणारी व्यक्ती आणि तिला जपणारी माणसं, इथे एकत्र बसतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा 2004 चा चित्रपट याच प्रयत्नांशी जोडलेला आहे. तो दाखवून नंतर गप्पा घडवल्या की सभागृहात आजवर गप्प बसलेली आई बोलू लागते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींच्या आयपीएच संस्थेनंही असे गट वर्षानुवर्षं चालवले आहेत.

24 मे हा स्किझोफ्रेनिया दिन, 10 सप्टेंबर आत्महत्या प्रतिबंध दिन, 10 ऑक्टोबर जागतिक मानसिक आरोग्य दिन. या दिवशी फेरी, भाषण आणि पोस्टर होतातच. तेव्हाच कार्यक्रमाच्या ठिकाणी दोन टेबलं मांडता येतील. एका टेबलावर कोरी निर्देशपत्रं, आणि भरायला मदत करणारा डॉक्टर किंवा समाजकार्यकर्ता. दुसऱ्यावर विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी तयार करता येतो: आपल्या जिल्ह्याचं पुनरावलोकन मंडळ कधी नेमलं, त्याच्या किती बैठका झाल्या, किती अर्ज आले आणि किती निकाली निघाले, आजाराचा अनुभव असलेल्यांसाठीच्या त्या दोन जागा भरल्या आहेत का, आणि सुटीसाठी तयार असलेल्या किती जणांना राहायला जागा नाही. उत्तर आलं की ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचं. तोवर रात्री-अपरात्री कुणाला बोलायची गरज पडली, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.