समुपदेशक आयता सल्ला का देत नाहीत?
‘उपाय सांगत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात,’ ही तक्रार नेहमीची. पण त्या प्रश्नांमागे पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले: ध्येयावर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि परस्परविश्वास. असे एकमत आयत्या सल्ल्यातून होत नाही; त्यासाठी आधी विचारावे लागते. २०१८ मध्ये २९५ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, उपचारपद्धती कोणतीही असो, हे नाते भक्कम असेल तिथे गुण अधिक आलेला दिसला. बरे वाटू लागले की समुपदेशकही आवडू लागणारच, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच संशोधकांनी सुरुवातीच्या सत्रांतले नाते वेगळे तपासले. तरीही संबंध टिकून राहिला. मग जिवलग मित्र का पुरत नाही? मित्र विश्वास देतो. ध्येय ठरवून त्याचा नेटाने पाठपुरावा करायला प्रशिक्षण लागते. दोन-तीन भेटींनंतरही ध्येय स्पष्ट झाले नसेल, तर समुपदेशकांना ते मोकळेपणाने विचारा.